गाडीतून जरा खाली उतरा

शनिवारी सकाळी दहाला आमच्या इथल्या जीएएच्या मैदानाबाहेर गाड्यांची रांग लागते. पाऊस असतोच. कॉर्कचा पाऊस आपल्याकडच्यासारखा कोसळून मोकळा होत नाही. बारीक, चिवट, अंगाला बिलगून राहणारा. मुलं हेल्मेट चढवून, हातातली हर्ली, म्हणजे वाकड्या टोकाचं दांडकं, नाचवत मैदानात पळतात. त्यांचे आईबाप टोप्या पुढे ओढून कडेला जाऊन उभे राहतात. दोन-तीन गाड्यांची दारं मात्र उघडतच नाहीत. हीटर चालू, काचांवर वाफ धरलेली, आत मोबाइलचा उजेड. त्या गाड्या कुणाच्या हे मला लांबूनच कळतं. पुढच्या काचेपाशी गणपती बसलेला असतो.

दोन वर्षं तशीच एक गाडी आमचीही तिथे उभी असायची. तेव्हा आईबाबांनो, मी काही उंचावरून बोलत नाहीये. शेजारच्या सीटवरून बोलते आहे असं समजा.

माझी ओळख एवढीच: माहेर कोल्हापूर, मुक्काम आयर्लंडमधलं कॉर्क, बारा वर्षं झाली. मुलगी आता सेकंडरीत गेली. मी एका प्राथमिक शाळेत एसएनए आहे, म्हणजे ज्या मुलांना जास्तीची मदत लागते त्यांच्याबरोबर दिवसभर असणारी बाई. शिकवत नाही. पण मधल्या सुट्टीत यार्डात उभी असते आणि मुलं काय करतात ते पाहते. आपली नवी कुटुंबं आली की शाळेच्या फाटकाशी मला गाठतात. मराठी बोलणारं कुणी दिसलं की धीर येतो, तो मलाही आला होता. मग प्रश्न सुरू होतात, आणि ते जवळपास ठरलेले असतात.

पहिला प्रश्न नेहमी दांडक्याचा. हे लाकूड घेऊन पोरं एकमेकांच्या डोक्यात घालत नाहीत का?

आधी शाळेत काय चालतं ते सांगते. इथे प्राथमिक शाळा आठ वर्षांची: ज्युनिअर इन्फंट्स, सीनिअर इन्फंट्स, मग पहिली ते सहावी. १९९९च्या अभ्यासक्रमाने शारीरिक शिक्षणाचे सहा भाग पाडले: ॲथलेटिक्स, नृत्य, जिम्नॅस्टिक्स, खेळ, पोहणं आणि बाहेरच्या साहसाच्या गोष्टी. त्यात आठवड्याला तास एक. म्हणजे कागदावर पाहिलं तर गेलिक खेळ, म्हणजे हर्लीने खेळायचं हर्लिंग आणि गेलिक फुटबॉल, हा सहातल्या एका भागाचा एक तुकडा. कागदाबाहेर पाहिलं तर यार्डातलं निम्मं बोलणं त्याचंच.

चार वर्षांच्या पोराला कुणी हर्ली देऊन मोकाट सोडत नाही. आधी हातावर बीनबॅग तोलत चालायचं, ती वर टाकून झेलायची, एका पायावर उभं राहायचं. मग मऊ चेंडू जमिनीवरून ढकलायचा. मोठ्यांच्या खेळातला चेंडू, ज्याला स्लिटर म्हणतात, तो आतून बुचाचा आणि वरून चामड्याचा, चांगला टणक असतो. लहान मुलांच्या हातात तो बऱ्याच उशिरा येतो. हर्ली मुलाच्या उंचीप्रमाणे मापून घेतात. मूल सरळ उभं राहिलं, हर्ली पायाशेजारी टेकवली, की तिचं वरचं टोक मनगटाच्या आसपास यायला हवं. आपण काय करतो? गणवेशासारखी 'वाढत्या अंगाची' घेतो, दोन वर्षं पुरेल अशी. तेवढं करू नका. लांब हर्ली पेलत नाही म्हणून मूल खांद्यातून आडवी ओढतं, आणि शेजारच्याला लागतं ते तेव्हा.

हर्लिंगमध्ये २०१०पासून सगळ्यांना हेल्मेट सक्तीचं आहे, चेहऱ्यावर जाळी असलेलं. गेलिक फुटबॉलमध्ये लहान खेळाडूंना २०१३पासून माउथगार्ड लागतं. ते घ्यायला कंटाळू नका. इथल्या दंतवैद्याचं बिल ज्यांनी एकदा भरलंय ते जास्त बोलणार नाहीत. लागतच नाही असं मी म्हणणार नाही. बोटं सुजतात, नडग्यांवर निळे डाग पडतात. पण यार्डातल्या माझ्या अनुभवाने सांगते, दुखापत होते ती दांडक्याने कमी आणि ओल्या फरशीवर घसरून जास्त.

मला तर पहिल्यांदा हर्लिंग पाहिलं तेव्हा विटी-दांडूच आठवला. जमिनीवरचा चेंडू हाताने उचलायचा नाही. हर्लीच्या पात्याने तो मागे ओढायचा, पातं चटकन त्याच्याखाली सरकवायचं, चेंडू उडवून हातात घ्यायचा किंवा हवेतच टोलवायचा. विटी टोकावर मारून उडवायची आणि उडतीला दांडू घालायचा, त्याला जो हात लागतो तोच हा हात. माझ्या वडिलांना व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर म्हणाले, "अगं, हे तर आमचंच. फक्त गोऱ्यांनी त्याला टोपी घातली."

हर्लीला आयरिश भाषेत 'कमॉन' म्हणतात. त्यातल्या 'कम'चा अर्थ वाकडं. आपल्या कमानीशी त्याचं नातं नाही, पण लेकीच्या डोक्यात ते एकदा बसलं ते बसलंच. ती कधीकधी 'माझी कमान कुठंय' म्हणून घरभर शोधते. हर्ली करतात ॲशच्या झाडाच्या अगदी तळाच्या बुंध्यातून, जिथे खोड मुळांकडे वळतं. लाकडाच्या रेषाच तिथे वळलेल्या असतात, म्हणून पातं वाकडं असून सहज तुटत नाही. २०१२मध्ये ॲशला मारणारी बुरशी आयर्लंडमध्ये पहिल्यांदा सापडली आणि पुढे झाडं झपाट्याने जायला लागली. आता बांबूच्या हर्ल्याही मुलांच्या हातात दिसतात. पहिली हर्ली घ्यायला जाल तेव्हा पोराला बरोबर न्या. तिथले आजोबा-वयाचे दुकानदार ती हातात फिरवून, रेषा दाखवून, पात्यावरची पत्र्याची पट्टी तपासून देतात. ऑनलाइन मागवण्यात ती गंमत नाही.

दुसरा प्रश्न मला कुणी विचारत नाही. तो आपण पोरांना विचारतो. गाडीत बसता बसता. "कोण जिंकलं?"

मूल म्हणतं, "माहीत नाही."

"असं कसं माहीत नाही? किती झाले तुमचे?"

"ज्यूस मिळाला."

आमच्या घरी हा संवाद किती शनिवार झाला असेल! पोरगी आपल्यापासून काहीतरी लपवतेय अशीच माझ्या नवऱ्याची समजूत होती. मग कळलं, क्लबात अकरा-बारा वर्षांपर्यंतचे सामने 'गो गेम्स' म्हणून खेळवतात. मैदान लहान, खेळाडू कमी, प्रत्येक मुलाला खेळायला मिळालंच पाहिजे, करंडक नाही, गुणतक्ता नाही. गुण झाले की टाळ्या, आणि पुढे चला.

आपल्याला हे झेपत नाही हो. खोटं कशाला बोला. ज्या मुलाचा नंबर कितवा हे आपल्याला नर्सरीपासून माहीत असायला हवं असतं, त्याचा सामना झाला आणि निकाल नाही? नवऱ्याने तिसऱ्या आठवड्यात वही काढली. गाडीतूनच, वायपर चालू ठेवून, तो गुण मांडायचा. त्यात त्याला मजाही यायची, कारण या खेळाचं गणित त्याच्यासारख्या इंजिनिअरला आवडणारं आहे. खांबांचा आकार इंग्रजी एच अक्षरासारखा. आडव्या दांडीखालून जाळ्यात गेला तर गोल, त्याचे तीन. वरून गेला तर एक. गोल आणि गुण वेगवेगळे लिहितात. २-१४ म्हणजे दोन गोल आणि चौदा, एकूण वीस. गोलला हिरवा बावटा, गुणाला पांढरा. हे सगळं त्याला पाठ झालं आणि लेक कुठल्या जागी खेळते ते मात्र त्याला माहीत नव्हतं.

ती वही शेवटी तिनेच पाहिली. काही बोलली नाही. पुढच्या शनिवारी म्हणाली, "बाबा, तुम्ही आज नका येऊ, आई सोडेल." एवढंच.

इथल्या आईबापांचा रोग उलटा आहे. ते कडेला उभे राहून ओरडतात, रेफरीच्या नावाने शंख करतात. त्यावर उपाय म्हणून काही ठिकाणी 'सायलेंट साइडलाइन' पाळतात: त्या दिवशी मोठ्यांनी तोंडच उघडायचं नाही. आपल्याला तो नियम लागत नाही, आपण कडेवर नसतोच. आपलं सगळं घरी परतताना, दहा मिनिटांच्या ड्राइव्हमध्ये, सीटबेल्ट लावलेल्या मुलाला पळून जाता येत नाही तेव्हा.

अभ्यासाचं विचारणार असाल तर एक गोष्ट सांगते, तुम्हाला आवडेल. जीएए, म्हणजे या सगळ्या खेळांची मातृसंस्था, १ नोव्हेंबर १८८४ला टिपररी परगण्यातल्या थर्ल्स गावी हेज हॉटेलात स्थापन झाली. ती ज्याच्या डोक्यातून निघाली तो क्लेअरचा मायकल क्युसॅक पेशाने शिक्षक. आणि १८७७पासून तो डब्लिनमध्ये काय चालवत होता? सरकारी नोकरीच्या परीक्षांचे क्लासेस! अगदी आपल्या पुण्यातल्या सदाशिव पेठेत शोभावा असा माणूस. पोरांना परीक्षेसाठी घासून घ्यायचा आणि तीच पोरं मैदानातही उतरवायचा. आधी तो क्रिकेट आणि रग्बीतही रमला होता. मग त्याच्या लक्षात आलं की इंग्रजांच्या खेळांत आपल्या गावातल्या साध्या माणसाला जागाच नाही, आणि आपले जुने खेळ मरायला टेकलेत.

याच कॉर्कचे जॅक लिंच. १९४१ ते १९४६, सलग सहा वर्षं ऑल-आयर्लंडचं पदक, पाच हर्लिंगची आणि एक फुटबॉलचं. मधल्या काळात बॅरिस्टर झाले, १९६६मध्ये देशाचे टीशॉख, म्हणजे पंतप्रधान. आपल्या व्हॉट्सॲप गटांवर पुढे याच पदावर बसलेल्या लिओ वराडकरांचं मालवणजवळचं वराड गाव दर सहा महिन्यांनी फिरतं, आणि ते फिरायलाच हवं. जॅक लिंचही अधूनमधून फिरवा. अभ्यास बुडेल या भीतीवर त्यांच्यासारखं दुसरं औषध नाही.

मुलींच्या आयांचे प्रश्न आणखी वेगळे. ऊन लागून काळी पडेल, असं एकीने मला विचारलं. कॉर्कमध्ये! बाई गं, ऊन आणू कुठून? मुलींच्या हर्लिंगला कमोगी म्हणतात. तिथे कपड्यांवरून खरा तंटा होता: स्कर्टवजा स्कॉर्ट घालायची सक्ती. खेळाडूंनीच ती नको म्हणून आवाज उठवला आणि मे २०२५मध्ये विशेष सभेत ९८ टक्के मतांनी शॉर्ट्सची मुभा मिळवली. लेकीच्या वर्गातल्या मुली त्या आठवड्यात अशा चालत होत्या, जणू स्वतःच मतदान करून आल्यात. आणि मुलीने कुणाचं चित्र खोलीत लावावं असं वाटत असेल तर रीना बकलीचं लावा. कॉर्कच्याच. कमोगी आणि फुटबॉल मिळून अठरा ऑल-आयर्लंड पदकं, दोन्ही संघांची कर्णधार म्हणून करंडक उचललेला.

क्रिकेटचं काय, हा बाबांचा प्रश्न. खेळू द्या की! मार्डाइकला क्लब आहे, चांगला आहे. पण ते 'ऐवजी' नको. वर्गातली चोवीस मुलं सोमवारी ज्या गोष्टीबद्दल बोलतात, ती आपल्या मुलाला माहीत असू दे.

आता जे सांगण्यासाठी हा सगळा प्रपंच, त्याकडे येते.

मला हे खेळ का कळले, तर मी कोल्हापूरची म्हणून. आमच्याकडे फुटबॉल क्लबांचा नसतो, तालमींचा असतो. पाटाकडील, दिलबहार. शाहू स्टेडियमवर या तालमी समोरासमोर आल्या की अख्ख्या पेठांचा श्वास अडकतो. तुम्ही कुठल्या संघाचे हे तुम्ही निवडत नाही, ते तुमच्या घराच्या पत्त्याने ठरतं. इथेही तेच. पॅरिश, म्हणजे एका चर्चची पंचक्रोशी, तिचा एक क्लब. त्या पंचक्रोशीत राहायला आलात की तुमचं मूल त्या क्लबाचं. जात, वर्ग, पगार, कुठून आलात, काही नाही, एअरकोड, म्हणजे इथला पिनकोड, बघायचा.

आणि यात खेळायचे पैसे कुणालाच मिळत नाहीत. हे आपल्या लोकांना पटतच नाही, म्हणून पुन्हा सांगते. डब्लिनच्या क्रोक पार्कवर ब्याऐंशी हजार लोकांसमोर ऑल-आयर्लंडचा अंतिम सामना खेळणाऱ्यालाही पगार नसतो. त्यांच्यातले कितीतरी जण शिक्षक आहेत. रविवारी टीव्हीवर दिसलेला माणूस सोमवारी कुठल्यातरी वर्गात भागाकार शिकवतो. शाळांमधले सामने जी संघटना भरवते ती कुमन ना मुनस्कोलही शिक्षकांनीच, आपल्या वेळात चालवलेली. शनिवारी आपल्या पोराच्या बुटाची नाडी बांधणारा तो ताडमाड माणूस कुणाचा नोकर नाही. तो प्लंबर असतो, नाहीतर गायी दोहून आलेला असतो. गार्डांकडून, म्हणजे इथल्या पोलिसांकडून, पडताळणी करून घेऊन, मुलांच्या सुरक्षिततेचा कोर्स करून, प्रशिक्षणाची पायरी पार करून तो तिथे फुकट उभा आहे. आणि आपण त्याच्याकडे काचेतून, ट्यूशनच्या सरांकडे पाहावं तसं, घड्याळ लावून पाहतो.

जून २०२५मध्ये कॉर्कने मन्स्टर प्रांताच्या हर्लिंगच्या अंतिम सामन्यात लिमरिकला पेनल्टींवर हरवलं. तो शनिवार होता. सोमवारी शाळा लालेलाल. मुख्याध्यापिकाबाईंच्या केसांतही लाल रिबीन. माझ्या देखरेखीत एक मुलगा आहे, तो फारसा बोलत नाही, गोंगाट झाला की कानांवर हात ठेवतो. त्या दिवशी तो यार्डभर एकच शब्द म्हणत फिरला: "पेनोज. पेनोज." आणि दिसेल तो त्याला हात वर करून उत्तर देत होता. त्या वर्षी त्याचं इतक्या जणांशी बोलणं एकाच दिवसात कधी झालं नव्हतं. पुढे जुलैत ऑल-आयर्लंडच्या अंतिम सामन्यात मध्यंतराला सहा गुणांनी पुढे असलेला कॉर्क टिपररीकडून पंधरा गुणांनी हरला. दुसऱ्या अर्ध्यात अवघे दोन गुण. शाळेला सुट्टी होती ते बरं.

आता आमची गाडीतून उतरण्याची गोष्ट.

लेक सहावीत असताना तिच्या शाळेचा मुलींचा संघ स्किअ ना स्कोलच्या अंतिम सामन्यात पोहोचला. स्किअ ना स्कोल म्हणजे शाळांची ढाल. कॉर्कच्या प्राथमिक शाळांच्या गेलिक स्पर्धा या नावाने होतात. पटसंख्येवरून गट पाडतात, म्हणजे चार शिक्षकांच्या खेड्यातल्या शाळेला शहरातल्या दांडग्या शाळेशी भिडावं लागत नाही. इथे मात्र गुण मोजतात. ढाल असते. आणि बाकावर बसणाऱ्या मुलीही असतात.

लेक बाकावर होती. वर सरांनी तिला काम दिलेलं: जादा हर्ल्यांची पिशवी सांभाळायची, कुणाची हर्ली मोडली की दुसरी घेऊन पळायचं. हे तिने घरी येऊन इतक्या आनंदाने सांगितलं की आम्हाला क्षणभर कळेचना काय बोलावं. तिचे बाबा म्हणाले, "म्हणजे बाकीच्यांची दांडकी वाहायला ठेवलंय पोरीला." माझ्याही मनात तेच आलं होतं. वर्गात रंगाने वेगळ्या दोनच मुली, त्यातली एक दांडकी वाहणार. आणखी काय काय मनात आलं ते लिहीत नाही. रात्री अकराला आम्ही तिच्या शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंना ईमेल लिहायला बसलो. 'समान संधी' झालं, 'भेदभाव' झालं. दोन परिच्छेद झाले. मी म्हटलं, सकाळी पाठवू. शहाणपणाने नाही, झोप आली होती म्हणून.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकून सामन्याला गेले. त्या दिवशी पाऊस नव्हता, पण वारा असा होता की गाडीचं दार उघडवेना. तरी उतरले, भांडायचं ठरवून गेलेला माणूस गाडीत बसून राहत नाही.

दुसऱ्या अर्ध्यात आमच्या डाव्या कोपऱ्यातल्या मुलीची हर्ली मधोमध मोडली. चेंडू खेळात होता. मी पाहिलं तर लेक आधीच निघालेली. पळता पळता तिने पिशवीतल्या आठ-दहा हर्ल्यांतून एक ओढली, न बघता, आणि त्या मुलीच्या हातात दिली. मोडलेले दोन्ही तुकडे उचलून रेषेबाहेर. मग आणखी एकदा, समोरच्या टोकाला. तेव्हा दुसरीच हर्ली, दोन बोटं आखूड. कुणाला कुठल्या मापाची लागते, कुणाला मुठीवर जाड पट्टी लागते, कुणाला पातळ, हे त्या पोरीला पाठ होतं. घरी तिला स्वतःचे मोजे सापडत नाहीत.

शेजारी एक आजी उभ्या होत्या, पायात गमबूट. मला म्हणाल्या, "ती म्वेर कमॉन तुमची का?" मी म्हटलं, म्हणजे काय? मग त्यांनी सांगितलं की हर्लिंगमध्ये या कामाला नाव आहे, मोठ्या सामन्यातसुद्धा त्यासाठी नेमलेला माणूस असतो. त्यांच्या थोरल्याने गावाच्या संघासाठी ते नऊ वर्षं केलं. धाकटा खेळायचा, पण गावात लोक आजही आधी थोरल्याची चौकशी करतात, कारण सगळ्यांच्या हर्ल्या तोच दुरुस्त करून द्यायचा. त्या हे सांगत होत्या आणि माझ्या खिशातल्या फोनमध्ये ते दोन परिच्छेद होते.

एका गोलने हरलो. मुली मिठ्या मारून रडल्या, त्यात माझीही. बाकावरची म्हणून तिचं रडणं काही कमी नव्हतं.

तुम्ही म्हणाल, म्हणजे बाकावर बसवलं ते बरोबरच होतं? नाही. बारा वर्षांच्या मुलीला दहा मिनिटं तरी मैदानावर मिळायला हवी होती, असं मला आजही वाटतं. सरांना मी ते नंतर बोलले, समोरासमोर, गोल पोस्टचं जाळं आवरू लागता लागता. ते म्हणाले, "हो. शेवटी मी घाबरलो." असं सरळ उत्तर मला ईमेलवर मिळालं नसतं, ईमेलला उत्तर धोरणाच्या भाषेत आलं असतं. पत्र अजून ड्राफ्ट्समध्ये पडलंय.

त्यानंतर दोनच महिन्यांनी, २०२५च्या जुलै-ऑगस्टमध्ये, डब्लिनमध्ये भारतीयांवर हल्ले झाले. आपल्या वकिलातीने काळजी घेण्याची सूचना काढली. तुमच्यातल्या अनेकांनी तेव्हा मला फोन केले, पोरांना बाहेर पाठवू का म्हणून. खेळाने हे विष उतरतं असं सांगून मी तुम्हाला फसवणार नाही. मैदानावरही ते असतं. वेक्सफर्डच्या ली चिनला, ज्याचे वडील मलेशियाचे, खेळता खेळताच रंगावरून शिव्या ऐकाव्या लागल्या आहेत. मला फक्त आमच्या मैदानावर काय झालं ते माहीत आहे. त्या आठवड्यात सरावाला गेले, तर तीन वर्षं माझ्याशी हवामानापलीकडे न बोललेला एक बाप जवळ आला. खूप वेळ मैदानाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "तुम्हाला उशीर होणार असेल तर मुलीला मी सोडत जाईन. आमच्या वाटेवरच आहे." त्याच्या वाटेवर नाही आमचं घर. मला माहीत आहे, त्यालाही माहीत आहे. आणि तो हे मला बोलू शकला, कारण मी तिथे उभी होते. बंद काचेवर टकटक करून असलं काही कुणी बोलत नाही.

आता बाहेरून आलेल्या आणखी एकाची गोष्ट. कॉर्कने ऑल-आयर्लंड हर्लिंगचा करंडक उचलला तो २००५मध्ये. त्यानंतरच्या वीस वर्षांत पुन्हा नाही. २०२४ला तर एका गुणाने हुकला. तर २००५ला तो उचलणारा कर्णधार कोण? शॉन ओग ओ हॅल्पीन. वडील फर्मानाचे, आई फिजीची. जन्म फिजीत, बालपण सिडनीत, १९८८मध्ये कॉर्कला आला तेव्हा अकरा वर्षांचा. समालोचक मीहॉल ओ मुरहर्ती यांनी गमतीने म्हटलं होतं की फर्माना काय आणि फिजी काय, दोन्हीकडे हर्लिंगचा फारसा पत्ता नाही. क्रोक पार्कच्या त्या पायऱ्यांवर त्याने भाषण केलं ते सगळं आयरिश भाषेत. समोर बसलेल्या किती जणांना ते नीट समजलं असेल देव जाणे. अकराव्या वर्षी परक्या गावातल्या शाळेत नाव घातलेला मुलगा. आपल्या पोरांच्या वयाचा.

येत्या शनिवारी दहाला ज्युनिअर्सचा सराव आहे. नवे येणार असाल तर गाडी डाव्या बाजूला लावा, उजवीकडे फाटकाशी खड्डा आहे आणि तो पाण्याने भरलेला असतो. गमबूट घाला. छत्री आणू नका, वाऱ्यात उलटते. लहान झालेली दोन हेल्मेटं माझ्याकडे आहेत, आतून धुतलेली, ज्याला लागतील त्याने सांगा. आणि माझा नवरा तुम्हाला पलीकडच्या गोलपाशी दिसेल, अंगात पांढरा कोट, हातात बावटे. मुलं सांगतील तेव्हाच तो हलवतो. वही आता घरी असते.